वकिलातीस लिहिलेले दोन अर्ज

माझ्या हातून आजवर लिहिल्या गेलेल्या बहुतेक अर्जांचा प्रवास माझ्या टेबलापासून मुरबाडच्या तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंतचा, म्हणजे आवार ओलांडण्यापुरता होता. काही अर्ज ठाण्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, दोन-तीन मंत्रालयापर्यंत पोहोचले. परंतु एका परक्या राष्ट्राच्या वकिलातीत माझे अक्षर वाचले गेले, तेही मोठ्याने, आणि तत्क्षणी त्याचा परकीय भाषेत अनुवाद करण्यात आला, हे भाग्य आमच्या व्यवसायातील फार थोड्यांना लाभले असेल. त्या वाचनाचा परिणाम वाईट झाला, हे मी लपवीत नाही. तो कसा झाला आणि पुढे कसा निस्तरला, हे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढील शिक्षण मी कचेरीच्या आवारातच घेतले, आणि ते अद्याप चालू आहे. आज हाताने लिहिलेल्या अर्जाचे दिवस सरले, सर्व काही संगणकावर भरतात, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो, की चौकोनात नाव भरता येते, पण गाऱ्हाणे कोणत्या चौकोनात भरणार? त्यासाठी लोक माझ्याकडे येतात.

पौषातली म्हशाची जत्रा उठून पंधरवडा झाला होता. त्या सुमारास ताई आणि दाजी माझ्या टेबलाशी आले. ताई माझ्याच गावची लेक, टोकावड्याकडे दिलेली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ताई, आणि तिचे यजमान ते दाजी. दाजींनी जत्रेतून नवी म्हैस आणली होती आणि तिच्या शिंगांविषयी ते बराच वेळ बोलले. ताई बाकावर टेकली आणि एकदम विषयावर आली.

"भाऊ, लेक वैशाखात बाळंत व्हायची हाय. तिकडं तिला सासू नाय, कोन नाय. मला जायचंय."

लेक म्हणजे मुलाच्या पाठची त्यांची धाकटी मुलगी. शिष्यवृत्तीवर शिकली, लग्न होऊन नवऱ्याबरोबर परदेशी गेली. तो देश असा, की वर्षातील निम्मे दिवस तेथे बर्फ असते. पहिलटकरीण, सहावा महिना लागलेला, आणि आई इकडे गवऱ्या-पेंढ्यात. ताईने वैशाखाच्या आत तेथे पोहोचणे, एवढीच काय ती मागणी होती.

"जावई बोलला, फॉर्म कम्प्युटरवर भरायचा," दाजी म्हणाले, "आन संगती एक पत्र द्यायचं. जाऊन काय करनार, कुठं राहनार, त्याचं."

आमच्या भाषेत अशा पत्राला अर्ज म्हणतात. त्या देशाचा मुख्य दूतावास दिल्लीस आहे आणि मुंबईस त्याची शाखा, हे मला ठाऊक होते. परंतु दोहोंस मी वकिलात हाच जुना शब्द वापरतो, कारण तो लिहिताना हात आपोआप सावकाश चालतो. फॉर्म सेतू केंद्रातील मुलीने भरला. अर्ज मी त्याच दुपारी लिहिण्यास घेतला, आणि प्रांजळपणे सांगतो, पहिल्याच ओळीला अडखळलो. कागद मी दोनदा बदलला.

येथे आमच्या व्यवसायाची एक रीत सांगितली पाहिजे. अर्ज म्हणजे सरकारच्या दारी उभा राहिलेला माणूस. तो ताठ उभा राहिला, तर सरकार त्याच्याकडे बघत नाही. म्हणून अर्जदार नेहमी गरीब असतो. त्याला दहा एकर जमीन असली तरी तो गरीब असतो, कारण श्रीमंत माणसाला अर्ज करण्याचे कारणच काय? त्या रीतीस अनुसरून मी लिहिले:

"अर्जदार ही अत्यंत गरीब, अशिक्षित व निराधार स्त्री असून, तिला येथे उदरनिर्वाहाचे कोणतेही साधन नाही. तरी मायबाप सरकारने तिजवर दया करून तिला आपल्या देशात सहा महिने आसरा द्यावा, ही विनंती."

मी ते वाचून दाखवले. दाजींनी कागदावर बोट ठेवले.

"मी जिता हाय, आन ही निराधार?"

"दाजी, अर्जात सगळेच निराधार असतात."

"तीन एकर भात हाय. स्लॅबचं घर हाय."

"ते तुमच्या घरी. येथे नाही."

"आन सहा महिने कशाला?" ताईने विचारले.

तीही रीतच होती. कचेरी मागितले तेवढे कधी देत नाही, कापून देते. म्हणून कापण्यापुरते वाढवून मागायचे. ताईला ते पटले, कारण तिने बाजारात आयुष्यभर तेच केले होते. अर्जावर मी कोर्ट फीचा स्टँप लावला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला जोडला, आणि खाली 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' असे लिहून जिल्हाधिकाऱ्यांचे नाव घातले, जेणेकरून वकिलातीस आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे, असे वाटावे. अखेरीस ताईला बजावले: "आत गेल्यावर आधी अर्ज हातात द्यायचा. आपण बोलायचे नाही. विचारलेच, तर अर्जात लिहिले आहे ते सर्व खरे आहे, एवढेच म्हणायचे." बोलणाऱ्या अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने बिघडवलेली प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

ताईने माझा शब्द पाळला. मुंबईस जाऊन तिने खिडकीतून अर्ज आत सरकवला. काचेपलीकडे एक तरुण गोरा साहेब आणि त्याच्या शेजारी मराठी जाणणारी एक बाई बसली होती. त्या बाईने माझा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि साहेबाला त्याच्या भाषेत सांगितला. साहेबाने स्टँपवर बोट ठेवून काहीतरी विचारले. मग बाईने ताईला विचारले, "हे सगळं असंच आहे?" ताई म्हणाली, "अर्जात लिव्हलंय ते समदं खरं हाय."

पासपोर्ट परत देऊन त्याबरोबर एक छापील कागद हातात देण्यात आला. नकार.

त्या संध्याकाळी जावयाचा फोन माझ्यावर आला. मुलगा सुशिक्षित आहे, त्यामुळे रागही व्यवस्थित मांडतो.

"काका, तुम्ही काय लिहिलंत?"

मी त्याला अर्ज तोंडपाठ म्हणून दाखवला.

"काका, त्यांना एकच गोष्ट बघायची असते. आलेला माणूस परत जाणार का. घर आहे, शेती आहे, माणसं आहेत, म्हणून तो परत जाईल. तुम्ही लिहिलंत, हिचं गावाकडे काहीच नाही, हिला आसरा द्या. म्हणजे ही येणार आणि इथेच राहणार."

"आमच्याकडे दया..."

"तिथे दया मागायची नसते, काका. आणि आता नव्याने अर्ज करावा लागेल. वेळ फार कमी आहे."

मी फोन ठेवला. मागून पलीकडच्या पलंगावरून माझी पत्नी म्हणाली, "एवढी वर्षं लोकांना भिकारी करून ठेवलंत, एकदा तरी श्रीमंत करून बघा." त्या वाक्यात उपहास होता, तथापि मार्गदर्शनही होते. मी उठलो आणि एक कोरा ताव काढला.

दुसरा अर्ज लिहिण्यासाठी मी स्वतः ताईच्या घरी गेलो. आयुष्यात प्रथमच अर्जदाराचे वैभव लिहायचे होते, आणि ते बसल्या जागी सुचेना, कारण त्याची मला सवय नव्हती. मी ओटीवर बसलो आणि ताई एकेक सांगू लागली. तीन एकर भातशेती. हापूस दोन, रायवळ चार. म्हशी दोन, त्यांपैकी एक गाभण. एक सून, जिला म्हैस अंगाला हात लावू देत नाही.

"हे लिहू?"

"लिव्हा ना. खरं हाय. माझ्याबिगर दूध कोन काढनार?"

ते ऐकून सून आतून म्हणाली, "आत्या, मीच लाथ खाते, वर तुमी सायबाला पन सांगा." सगळी ओटी हसली.

ही बातमी आळीत पसरली आणि मदतीला गर्दी झाली. कोणी आपला नवा ट्रॅक्टर ताईच्या दारात आणून उभा केला, म्हणजे फोटोत यावा. ताईने तो परत पाठवला. "लोकाचा ट्रॅक्टर माझ्या दारात कशाला? उद्या सायेब बोलला चालवून दाखव, तर?" म्हशींचे फोटो मात्र काढले. गाभण म्हशीला त्यासाठी धुतले, शिंगांना तेल लावले, आणि ती छायाचित्रकाराकडे अशा तोऱ्याने बघत राहिली, की परत जाण्याचे तेवढे एक कारण पुरेसे वाटावे.

खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची होती. जुना दाखला मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी मीच मिळवून दिला होता, आणि त्यात हे कुटुंब जेमतेम जगत होते. नवा हवा होता. तलाठ्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"कमी करून मागणारे रोज येतात. वाढवून मागणारे तुम्हीच पहिले. भानगड काय आहे?"

"भानगड नाही, साहेब. आहे तेवढेच लिहायचे आहे."

"आहे तेवढं?" त्यांनी शेजारच्या कोतवालाकडे पाहिले. "हे ऐक. आहे तेवढं." मग त्यांनी सातबारा काढला, म्हशी विचारल्या, दूध विचारले, आंबे विचारले. दाखला हाती पडला, तेव्हा दाजींनी तो दोनदा वाचला आणि त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात थोडा फरक पडला.

दुसऱ्या मुलाखतीस मी बरोबर गेलो. माझ्या पहिल्या अर्जाने झालेला अपमान मला प्रत्यक्ष हजर राहून धुऊन काढायचा होता. पहाटे ताई, दाजी आणि मी गाडी करून कल्याणमार्गे निघालो. ताईने नवी नऊवारी नेसली होती, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर होता. व्हिसा मिळण्याआधीच लाडू का, असे मी विचारले नाही.

वकिलातीच्या समोरच्या रस्त्यावर पाऊल ठेवले आणि मी थक्क झालो. मी महाल, ध्वज आणि शांतता यांची अपेक्षा केली होती. ध्वज होता. परंतु त्याच्या समोरील पदपथावर माझी मुरबाडची कचेरीच मांडली होती, फक्त इस्त्री केलेल्या कपड्यांत. पांढऱ्या पडद्यासमोर ठराविक मापाचा फोटो काढून देणारा एक. आत मोबाईल व पिशव्या नेता येत नाहीत, म्हणून त्या सांभाळणारी एक बाई. झेरॉक्सवाला, प्रवासाचा विमा उतरवून देणारा, चहावाला, आणि छत्रीखाली बसून पत्रे लिहून देणारे, म्हणजे माझेच बंधू. एका इमारतीच्या आत एक शिक्का उमटतो आणि बाहेर त्या शिक्क्यावर किती चुली पेटतात, हे मी मोजण्याच्या विचारात होतो, परंतु ताईने मला आवरले.

"भाऊ, माझा नंबर लागला. तुमी चूल बघत बसा."

तिने लाडवांचा डबा आणि मोबाईल त्या पिशवीवाल्या बाईकडे दिला, अर्ज छातीशी धरला आणि आत गेली. आम्हा दोघांना आत प्रवेश नव्हता.

चहा घेताना शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाशी ओळख झाली. ते शहापूरकडचे निघाले. भेंडी पिकवतात, गावोगावची गोळा करतात, आणि ती विमानाने याच देशात जाते.

"माझी भेंडी कितीदा गेली, मी पहिल्यांदाच चाललोय," ते म्हणाले. वकिलातीचा एक व्यापार विभाग असतो, आणि त्याने तिकडच्या खरेदीदारांशी त्यांची गाठ घालून दिली होती, आता प्रदर्शनास बोलावणे आले होते. "हे लोक आपला माल इथे विकतात, आणि इथला माल कुठे घ्यावा, ते त्यांच्या लोकांना सांगतात. दुकानच हे. फक्त फाटकावर बंदूकवाला."

दाजींना ते फारच आवडले. "मंजी माझ्या लेकीला तिकडं आपली भेंडी मिळत आसंल?"

"मिळते. पण महाग मिळते, आणि इथल्यासारखी ताजी नाही."

"मंग तुमी ताजी घेऊन जा," दाजी म्हणाले, जणू ते गृहस्थ टोकावड्याच्या बाजाराला निघाले होते.

तेवढ्यात ताई फाटकातून बाहेर आली. तिचे हात रिकामे होते आणि चेहरा उतरला होता. दाजींचा चहा सांडला.

"काय झालं?"

"पासपोट काढून घेतला," ताई म्हणाली. "मागच्या येळी निदान परत तरी दिला व्हता."

आमच्याकडे कचेरीने कागद ठेवून घेतला, म्हणजे तो जप्त. त्यानंतर चौकशी लागते. मी घाबरत विचारले, "आणखी काही म्हणाले?"

"ती बाई बोलली, चार दिवसांत घरी येईल."

"कोण येईल?"

"मला काय ठावं. मी बोलले, या."

घरी येणार म्हणजे पंचनाम्याला येणार, याविषयी आम्हा तिघांच्या मनात शंका उरली नाही. दाजी तेथेच पदपथावर बेत करू लागले. गोठ्याला चुना द्यायला हवा. पोलीस पाटलाला सांगून ठेवायला हवे. गोरा साहेब आला, तर त्याला बसायला शाळेतली खुर्ची आणावी लागेल, कारण घरची एक पायाने डुगडुगते. मी सातबाऱ्याची प्रत कोठे ठेवली, ते आठवू लागलो. भेंडीवाले गृहस्थ आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते.

"मावशी," ते अखेर म्हणाले, "तुम्हाला काही छापील कागद दिला?"

"नाय."

"पासपोर्ट ठेवून घेतला, आणि कागद नाही दिला?"

"नाय दिला."

"मग अभिनंदन. त्यात व्हिसा चिकटवायला ठेवलाय. चार दिवसांत पासपोर्ट घरी येईल. साहेब नाही येणार."

मग दाजींनी भेंडीवाल्यांचे दोन्ही हात धरले आणि ते सोडेचनात. ताई पदपथावरच मटकन बसली आणि पदराने तोंड पुसू लागली, आणि मी, सांगण्यास संकोच वाटतो, समोरच्या छत्रीखालील अर्जनवीसाला जाऊन मिठी मारली. त्याला कारण ठाऊक नव्हते, पण त्याने मिठी व्यवस्थित परत केली. पिशवीवाल्या बाईकडून डबा परत घेतला गेला आणि तिच्यापासून बंदूकवाल्यापर्यंत सर्वांना लाडू वाटण्यात आले. बंदूकवाल्याने कामावर असताना खाता येत नाही असे सांगून तो खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर मी आतुरतेने विचारले, "माझा अर्ज वाचला ना मोठ्याने?"

"नाय," ताई म्हणाली. "मी पुढं केला, तर तो बोलला, राहू दे, तूच सांग."

"मग तू सांगितलेस तरी काय?"

"इचारलं, किती दिवस राहनार. मी बोलले, सव्वा महिना. बाळंतिणीचा सव्वा महिना झाला, का मी निघाले. तो कम्प्युटरात बघून बोलला, मागच्या अर्जात तर सहा महिने लिव्हलंय. मी बोलले, ते आमच्या भावानं लिव्हलंय. त्याला वाढवून लिव्हायची सवय हाय. तहसीलदार कापतो ना."

दाजी खिडकीबाहेर पाहत हसू दाबू लागले.

"मंग तो बोलला, लेकीला वाटंल आई आजून राहावी. मी बोलले, लेकीला वाटंल, जावयाला नाय वाटायचं. आन मिरगात भाताचा राब पेरायचाय, लावणी तू करशील काय? ती बाई हे सांगताना इतकी हसली, का तिला पानी प्यावं लागलं. मग म्हशीचा फोटो दाखवला. तो त्यानं नीट बघितला."

सत्य असे, की माझा दुसरा अर्ज, जो पहिल्याहून सर्व दृष्टींनी सरस होता, न वाचताच राहिला. तरीही त्या अर्जासाठी ओटीवर बसून मी जे विचारले, तेच ताईने खिडकीशी सांगितले, हे मी स्वतःस अनेकदा सांगितले आहे, आणि त्यात काही खोटे नाही. घाट डावीकडे दिसू लागला, तेव्हा गाडीत मी सगळ्यांत मोठ्याने हसत होतो.

चार दिवसांनी पासपोर्ट आला, आणि ताई चैत्र संपण्यापूर्वी विमानात बसली. आयुष्यात ती यापूर्वी सर्वांत लांब नाशिकला गेली होती.

वैशाखातील एका सकाळी माझ्या टेबलाशी पाचसहा अर्जदार बसले असताना मोबाईल वाजला. पडद्यावर ताईचा चेहरा इतका जवळ आला, की प्रथम फक्त नाकातली नथ दिसली. मग तिने मोबाईल दूर धरला आणि दुपट्यात गुंडाळलेली, तांबूस, मूठ आवळलेली नात दाखवली. "तीन रोज झाले, भाऊ. मी येऊन आठवडा झाला, मग आली. थांबली माझ्यासाठी." टेबलाभोवतीचे सगळे वाकून पाहू लागले. कचेरीतील शिपाई गर्दी पांगवायला बाहेर आला आणि त्यानेही मान आत घातली. अर्जदारांपैकी एका म्हाताऱ्याने अनोळखी बाळाला मोबाईलवरूनच आशीर्वाद दिला आणि आपले काम काय होते, तेच विसरला.

"लेक बरी हाय," ताई म्हणाली, "पन येक भानगड झालीय. काल शेक द्यायला शेगडी पेटवली, ओवा टाकला, तर सगळ्या इमारतीची घंटा वाजली. बंबवाले आले. आता इमारतीवाल्याचं पत्र आलंय, खुलासा द्या म्हनून. जावई बोलतो, मी इंग्रजीत लिव्हतो. मी बोलले, तू थांब. आमच्या भावाला इचारते."

माझा ऊर भरून आला, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. मी बसलेल्या मंडळींना हाताने थांबवले, कोरा ताव पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले.

"ताई, नीट आठवून सांग. धूर किती झाला होता?"

"बाळंतिणीला लागतो तेवढाच," ताई म्हणाली.